पडद्यावरची कुस्ती



दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. माझे एक जुने विद्यार्थी फलटणच्या जवळच एका खेड्यात गुरुजी आहेत. ते एका संध्याकाळी घरी आले, चहाचा कप हातात घेतला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सर, एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. खली खरा का खोटा?"

मला आधी हसू आले. पण त्यांची अडचण खरी होती. सहावीच्या वर्गात दोन तट पडले होते. कुणाच्या तरी मोबाईलवर पोरांनी जुन्या अमेरिकन कुस्त्या पाहिल्या. त्यावर तालमीत जाणारा एक मुलगा म्हणाला, "हे सगळं नुरा असतंय." दुसऱ्याला ते सहन झाले नाही. शब्दाने शब्द वाढला आणि तिसऱ्याच एका वीराने बाकावर चढून खालच्या दोघांवर उडी घेतली. हात मोडला नाही, मुरगळण्यावर भागले. पण पालक शाळेत आले. "आता या पोरांना मी काय सांगू?" गुरुजी म्हणाले. "खोटं आहे म्हटलं तर त्यांना पटत नाही. खरं आहे म्हटलं तर उद्या छपरावरून उड्या मारतील."

मी आठ दिवसांची मुदत मागितली. पुतण्याला सांगून २००७ सालचा एक जुना भाग मोबाईलवर शोधून घेतला आणि डोळ्यांत तेल घालून पाहिला. तोच भाग का, ते पुढे येईलच. मराठी शिकवणाऱ्या माणसाने कुस्तीवर का बोलावे, असे कुणाला वाटेल. पण सातारा-सांगलीकडच्या माणसाला कुस्तीवर बोलायला वेगळी पदवी लागत नाही, ही आमची जुनी समजूत आहे.

हा भाग २० जुलै २००७ रोजी अमेरिकेत दाखवला गेला. त्याचे चित्रण मात्र तीन दिवस आधीच, टेक्सस राज्यातल्या लरेडो गावी होऊन गेले होते. म्हणजे लोक घरी बसून श्वास रोखून पाहत होते, तेव्हा कुस्ती कधीच निकालात निघालेली होती. या मंडळींचा एक मानाचा पट्टा असतो. आपल्याकडे गदा असते तसा. तो त्या वेळी एज नावाच्या पैलवानाकडे होता. त्याच्या छातीचा स्नायू फाटला, त्याला पट्टा खाली ठेवावा लागला आणि रिकाम्या गादीसाठी वीस जणांची एकत्र झुंज लावली गेली.

या झुंजीचा नियम सोपा आहे. वीसही गडी एकाच वेळी रिंगणात उतरतात. रिंगण म्हणायचे, पण ते असते चौकोनी, वीस फूट लांब-रुंद, कडेला दोर ताणलेले. ज्याला वरच्या दोरावरून पलीकडे फेकले आणि ज्याचे दोन्ही पाय बाहेरच्या जमिनीला लागले तो बाद. शेवटी उरेल तो राजा. आपल्याकडे चितपट म्हणजे पाठ मातीला लागणे. इथे पाठ शंभर वेळा लागली तरी चालते, पाय लागता कामा नयेत. हा उलटा न्याय पाहून आमच्या आबांचे डोके फिरायचे.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. नीरा उजव्या कालव्याच्या कडेला आमचे गाव, तिथल्या तालमीत ते वस्ताद होते. उमेदीच्या काळात जत्रांचे फड त्यांनी गाजवले होते. २००७ साली त्यांनी पासष्टी ओलांडली होती, कान पैलवानाचे होते तसेच चुरमडलेले, गुडघे मात्र गेले होते. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो आणि शनिवार-रविवार गावी जायचो. रात्री जेवणे झाली की घरातली पोरे दूरदर्शन संचापुढे बसायची आणि आबा बाजेवर. पहिल्या मिनिटाला ते म्हणायचे, "नुरा हाय रं सगळी." आणि शेवटच्या मिनिटापर्यंत उठायचे नाहीत.

आता 'नुरा' हा शब्द शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडा उलगडून सांगतो. दोन पैलवानांनी आधीच संगनमत करून लढलेली कुस्ती ती नुरा. कोण पडणार, किती वेळाने पडणार, की बरोबरीत सोडवायची, हे सारे आधी ठरलेले असते. खडाखडी दणक्यात होते, मानेवर थापा पडतात, माती उडते, हलगी कडाडते आणि भोळ्या प्रेक्षकाला वाटते की काय काटा कुस्ती चालली आहे! याच्या उलट निकाली कुस्ती. पैलवानाला 'तू नुरा केलीस' म्हणणे ही आमच्याकडे शिवीच समजतात.

त्या भागाकडे परत येतो. वीस गड्यांत एक आपला होता. दलिपसिंग राणा हे त्याचे खरे नाव, हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यातला, एके काळी पंजाब पोलिसांत नोकरीला असलेला. उंची सात फुटांहून अधिक. तिकडे तो 'द ग्रेट खली' झाला. आपल्या गावात तर तो नुसता खली. त्या वर्षी आमच्याकडच्या पोरांच्या खिशात त्याच्या चित्राचे पत्ते असत, आणि गावात ज्याची उंची जरा जास्त त्याला खली हे नाव पडे.

आबांची नजर मात्र वस्तादाची. ते पडद्यावर बोट रोखून म्हणत, "येवढा उंच गडी हाय. त्यो काय चपळ न्हाई, वाकता बी येत न्हाई त्याला. मग ह्या एकोणीस जणांत एकालाबी त्याचा पट काढायची अक्कल नसावी? एकेरी पट काढला तर वाळल्या झाडावानी येईल की खाली!" आज पुन्हा पाहताना मला त्यांचे म्हणणे शब्दशः पटले. खऱ्या कुस्तीत उंच माणसाचे पाय हीच पहिली शिकार. इथे त्याच्या पायांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, कारण तो उभा राहायला हवा आहे. त्याचे काम डोंगरासारखे उभे राहणे, आणि बाकीच्यांचे काम त्या डोंगरावर आपटून परतणे.

आणखीही पुष्कळ गोष्टी या खेपेस नजरेत भरल्या. गडी खाली पडतो तेव्हा कानठळ्या बसतील असा आवाज होतो. त्याचे कारण असे की जमिनीवर फळ्या टाकलेल्या असतात, त्यावर पातळ गादी आणि वर कापड. खाली पोकळी, म्हणून ती ढोलासारखी वाजते. पडणारा दोन्ही हात पसरून, सगळी पाठ एकदम टेकवून पडतो, म्हणजे मार एका जागी बसत नाही. ठोसा मारताना मारणारा पायही आपटतो, आणि आपण आवाज ठोशाचा समजतो. एखाद्याला डोक्यावर उचलून धरले की आपण उचलणाऱ्याची वाहवा करतो. पण सव्वाशे किलोचा गडी असा उचलला जात नाही, श्रोतेहो. तो स्वतः उडी मारून वर जातो. आणि एकमेकांची मुंडी बगलेत धरून दोघे निपचित दिसतात तेव्हा पुष्कळदा पुढचा डाव कोणता, हे हळूच बोलून घेत असतात. तिकडचे जाणकारही हे आता लपवत नाहीत. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात या धंद्याच्या मालकांनी सरकारदरबारी स्वतःच मान्य केले की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. त्यात तत्त्वापेक्षा कर आणि सरकारी देखरेख चुकवण्याचा हिशेब अधिक होता, हेही सांगायला हवे.

मग हे सगळे खोटेच म्हणायचे का? इथे मी अडखळलो.

एजचा स्नायू फाटला तो खरोखर फाटला. त्या दिवसापर्यंत ठरलेली सारी गोष्ट त्या एका दुखापतीने मोडली आणि लिहिणाऱ्यांना नवी रचावी लागली. म्हणजे खलीला पट्टा मिळाला तो ठरवून, पण ठरवायची वेळ आली ती एका माणसाच्या खऱ्या वेदनेमुळे. पाठ पसरून पडले तरी हाडे लाकडाचीच लागतात. वर्षाला कितीतरी रात्री असे पडायचे म्हणजे काय, हे त्या गड्यांच्या गुडघ्यांना आणि मणक्यांना विचारावे. १९९९ साली कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट नावाचा पैलवान छताकडून दोरीने रिंगणात उतरत असताना पडला आणि मरण पावला. ते पडणे कुणी ठरवलेले नव्हते. हजारो प्रेक्षक समोर बसले होते.

गुरुजींनी पोरांना निदान एवढे सांगायला हरकत नाही, की ज्यांनी पडण्याचे शिक्षण वर्षानुवर्षे घेतले आहे तेही असे मोडतात; आणि आपल्या शाळेचे अंगण शहाबादी फरशीचे आहे.

ही तऱ्हा आपल्या देशालाही नवी नाही. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईला वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्रीस्टाइल कुस्त्यांचे मोठमोठे जलसे होत. दारासिंग आणि किंगकाँग या जोडीने तो काळ गाजवला. किंगकाँग हा मूळचा हंगेरीचा. त्याचे नुसते शरीर पाहायला माणसे तिकीट काढत. १९६८ साली दारासिंगांनी मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवले. त्यातले निकाली किती आणि ठरलेले किती, यावर आमच्या तालमीत तासन्‌तास वाद चालत. एवढे मात्र खरे, की दारासिंगांचे अंग मातीत तयार झालेले होते. ते काही कुणी लिहून दिलेले नव्हते.

आमच्या तालमीत मारुतीच्या तसबिरीशेजारी एकच चित्र होते, खाशाबा जाधवांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात लढले आणि त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतातल्या कोणत्याही खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक पदक. जपानच्या इशीबरोबरची त्यांची लढत लांबली आणि ती हरल्यावर दम खायला वेळ न देता त्यांना रशियन मल्लापुढे उभे केले, असे सांगतात; त्यांच्या बाजूने भांडायला आपला कुणी अधिकारी तिथे नव्हता म्हणे. इशीला सुवर्ण मिळाले, रशियन मल्लाला रौप्य. आबा ही हकीकत सांगताना आवाज खाली आणत, आणि शेवटी म्हणत, "पर ती खरी हरली. खरं हरलेलं माणूस ताठ मानेनं घरी येतं."

आता तोच भाग मी का शोधला, ते सांगतो.

२००७ च्या त्या पावसाळ्यात तो भाग आमच्याकडे लागला, त्या रात्री मी गावीच होतो. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी येईल आणि कधी जाईल याचे वेळापत्रक असे, पण वीज ते वाचत नसे. एकेक गडी बाहेर पडत गेला. शेवटी रिंगणात तिघेच उरले, खली, केन आणि बटिस्टा. पोरे उठून उभी राहिली होती. आबासुद्धा बाजेच्या कडेला सरकले होते. आणि वीज गेली.

पोरांनी एकच ओरडा केला आणि ती बाहेर पळाली. घरात अंधार, मी आणि आबा. कंदील लावायला मी उठत होतो, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बस."

मी सहज बोललो, "आबा, नुरा आहे म्हणता आणि इतकं मन लावून बघता कसं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. तंबाखू मळल्याचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, "मी बी केलीया."

मला वाटले मी चुकीचे ऐकले.

बाहत्तरच्या दुष्काळाची गोष्ट. पाऊस गेला होता, विहिरी गेल्या होत्या. घरची माणसे खडी फोडायला जात होती. दावणीला दोन बैल उभे, त्यांच्या पोटात काही नाही. त्र्याहत्तरच्या चैत्रात एका गावच्या जत्रेत मैदान ठरले. गाव कोणते ते आबांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. जोड लागली ती पलीकडच्या तालुक्यातल्या एका चढत्या पैलवानाबरोबर. जत्रेच्या आदल्या रात्री दोघे पुढारी आले. त्यांना निकाल नको होता. निकाल लागला तर दोन भावक्यांत डोकी फुटली असती. पाऊण तास लढायचे आणि बरोबरीत सोडवायची. प्रत्येकी तीनशे रुपये.

"तीनशे रुपयं म्हंजे बैलांची वैरण," आबा म्हणाले. "मी व्हय म्हणलो."

आणि कुस्ती झाली. आबा सांगत होते की आयुष्यात त्यांनी इतकी देखणी कुस्ती केली नव्हती. समोरचा पोरगा हुशार होता. याने पट काढायचा, त्याने झटक्यात सुटायचे. त्याने ढाक मारायची, यांनी हवेतल्या हवेत वळून पोटावर यायचे. लोक वेडे झाले. फेटे उडाले, हलगीवाल्याच्या बोटांतून रक्त आले. पाऊण तासाने पंचांनी दोघांचे हात वर केले आणि लोकांनी दोघांना खांद्यावर घेतले.

"त्या गर्दीत एक म्हातारा आला बघ. खडीवरचाच असणार, हाताला चिंध्या बांधल्याल्या. त्यानं कनवटीचा एक रुपया काढला, माझ्या हातावर ठेवला आन्‌ म्हणला, 'पैलवान, लई दिसांनी डोळं निवलं.' आरं, त्याच्या घरात त्या दिशी चूल पेटली व्हती का न्हाई, कुणाला ठावं!"

अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"तीनशे रुपयं खर्चलं. बैलं जगली. त्याचं मला काय न्हाई वाटत. पर त्यो रुपया मी तालमीत मारुतीपुढं ठेवला. मारुतीनं घेतला का न्हाई, त्येचं त्येलाच ठावं. त्यानंतर मी फडात उतरलो न्हाई. पोरं शिकवली."

वीज रात्री उशिरा आली, तेव्हा पडद्यावर दुसरेच काही चालू होते. खली जिंकल्याचे सकाळी पोरांनी येऊन सांगितले. आबा काही बोलले नाहीत. २०११ साली ते गेले.

तर त्या कुस्तीचा शेवट मी आता, इतक्या वर्षांनी प्रथमच पाहिला. खली केन आणि बटिस्टा या दोघांनाही दोरावरून पलीकडे लोटतो आणि एकटा उभा राहतो. त्या कंपनीचा हा जगज्जेतेपदाचा पट्टा मिळवणारा तो पहिला भारतीय. दोन महिने तो त्याच्याकडे राहिला आणि सप्टेंबरात बटिस्टाने घेतला, अर्थात ठरल्याप्रमाणे. कला म्हणून पाहिले तर खलीचे काम सामान्यच आहे. त्याची पावले जड, त्याचे डाव दोन-तीनच. त्याला मोठा दाखवण्याची सगळी मेहनत पडणाऱ्यांची आहे. बटिस्टा ज्या तऱ्हेने मागे झुकतो, दोराला अडतो आणि मग जातो, त्यात मला आबांनी सांगितलेला तो पलीकडच्या तालुक्यातला पोरगा दिसला. आणि जो केन तिथे स्मशानातून आल्यासारखा वावरतो, त्याला २०१८ साली टेनेसी राज्यातल्या नॉक्स परगण्याच्या लोकांनी निवडून देऊन कारभारी केले! राजाचे सोंग घेणाऱ्या तमाशातल्या माणसाला आपण सरपंच करावे, तसेच हे.

तमाशाची आठवण उगाच आली नाही. वगातला राजा खरा नसतो हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते, तरी त्याची राणी त्याला सोडून जाते तेव्हा डोळे भरतात. तिथे कुणी उठून 'नुरा, नुरा' ओरडत नाही. मला वाटते पडद्यावरची ही कुस्ती वगाच्या बाजूची आहे, हौद्याच्या बाजूची नव्हे. हौद्याचा न्याय वेगळा. १९१२ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबागचे मैदान उघडले, ते आखाड्याभोवती असे खोलगट बांधले की शेवटच्या माणसालाही पाठ टेकली की नाही ते दिसावे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत एका टांगेला चार गुण दिले, तर त्यावर महाराष्ट्रभर किती दिवस भांडणे चालली, आठवा. वगात राजा कसा मेला यावर असे कुणी भांडत नाही.

हे सगळे मी गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, "सर, हे तुम्हीच येऊन पोरांना सांगा." एका शनिवारी सकाळच्या शाळेला गेलो. दोन्ही तटांची पोरे पुढे बसली होती. फळ्यांचा आवाज, पाठ पसरून पडणे, उडी मारून उचलून घेणे, हे ऐकताना त्यांना मोठी मौज वाटली. खलीवाल्यांचे तोंड थोडे उतरले, पण ओवेन हार्टची हकीकत ऐकून तालीमवाला मुलगाही गप्प झाला. मग मी आबांची गोष्ट सांगितली, नाव-गाव न सांगता.

मागच्या रांगेत एक मुलगी होती. ती मुलींच्या कुस्त्या शिकायला फलटणला येते, असे गुरुजींनी मागाहून सांगितले. तिने हात वर केला.

"सर, आन्‌ त्यो दुसरा पैलवान? त्याला बी कुणी रुपया दिला व्हता का?"

मी आबांना ते कधी विचारलेच नव्हते.